रोजच्या वॅक्स-ड्रायरने टक्कल पडतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २५, मूळचा लातूरचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी हिंजवडीत आलाय, रोज आंघोळ झाली की ड्रायर मारून वॅक्स लावतो, वरून हेल्मेट, सोसायटीत टँकरचं पाणी, आणि आता कपाळाचे दोन्ही कोपरे वर सरकायला लागलेत. आई म्हणते ते जेल-बिल बंद कर, रूममेट म्हणतात पुण्याच्या पाण्याने झालंय. मग नक्की कशाने होतंय, आणि सगळं बंद करून एकदा टक्कलच करून टाकू का?

भावा, मी सलून चालवतो, डॉक्टर नाहीये. पण वाकड-हिंजवडी पट्ट्यात तुझ्या वयाच्या पोरांची डोकी बरीच वर्षं हाताखालून जातायत आणि आमच्या कामात एक गोष्ट असते, गिऱ्हाइकाला स्वतःचा भोवरा कधी दिसत नाही, आम्हाला तो दर महिन्याला वरून दिसतो, त्यामुळे कुठे विरळ व्हायला लागलंय ते आम्हाला त्याच्या आधी कळतं. म्हणून सरळ सांगतो, दोन्ही कोपरे सारखेच वर जात असतील तर ते बहुतेक वॅक्सने पण नाही आणि ड्रायरने पण नाही. स्टायलिंगने केस तुटतो, रखरखीत होतो, मुळातून बारीक होत होत जाणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि या दोन्हीची गल्लत झाली की पोरं दोन-तीन वर्षं शाम्पू बदलत बसतात आणि उपचाराची खरी वेळ निघून जाते. मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं.

आधी एक काम कर. उद्या सकाळी उशीवर, टॉवेलवर, कंगव्यात जे काही केस सापडतील त्यातले आठ-दहा उचल, पांढऱ्या कागदावर ठेव आणि मोबाईलचा टॉर्च मारून नीट बघ. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसली तर तो केस मुळापासून गळलेला आहे. ती गाठ बघून पोरं घाबरतात, मूळच उपटून आलं म्हणतात, तसं नसतं, मूळ कातडीत खालीच असतं आणि तिथून पुन्हा केस येतो. गाठ कुठेच नाही आणि टोक फाटलेलं किंवा पिंजलेलं आहे तर तो मधेच तुटलाय. काही केसांवर मधेच पांढरा ठिपका दिसतो, तिथे वाकवला की कटकन मोडतो, हे बहुतेक ब्लीच, इस्त्री किंवा टॉवेलने खसाखसा पुसणं यातलं काहीतरी असतं. आणि तिसरा प्रकार बघायला विसरू नको, गाठ आहे पण केस आखूड, एकदम बारीक, फिकट आणि पुढचं टोक निमुळतं, म्हणजे त्याला कधी कात्री लागायची वेळच आली नाही, तेवढा तो वाढलाच नाही. असे केस जास्त दिसले तर मामला मुळाचा आहे, मग तू वॅक्स लाव नाहीतर नको लावू.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे, डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. पुरुषांच्या टकलात काय होतं तर टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं हार्मोन पुढच्या आणि भोवऱ्याच्या मुळांना लहान करत नेतं, वाढीचा काळ आखडतो आणि दर फेरीला केस आणखी बारीक येतो, मागच्या आणि कानावरच्या मुळांना ते फारसं लागत नाही म्हणून तिथले केस शेवटपर्यंत टिकतात. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन म्हणून एक संशोधक होते, त्यांनी १९४२ मधे दाखवलं की ज्या पुरुषांच्या शरीरात वयात येण्याआधीपासूनच टेस्टोस्टेरॉन बनत नव्हतं त्यांना टक्कल पडलं नाही, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले. आता यात जेल कुठे आलं सांग. आणि घराण्यात म्हणजे नुसतं वडिलांकडे बघू नको आणि नुसतं आईच्या वडिलांकडे पण बघू नको, दोन्हीकडून येतं, मामा, काका, दोन्ही आजोबा सगळ्यांचे जुने फोटो काढून बघ.

पाण्याचं पण बोलूया, कारण लातूर-नांदेड-बीडहून आलेला दर दुसरा पोरगा खुर्चीत बसला की हेच म्हणतो, गावी होतो तोवर केस चांगले होते, पुण्यात आलो आणि गेले. बोअर-टँकरचं पाणी जड असतं हे खरं आहे, त्यातले क्षार केसावर बसतात, शाम्पूला फेस येत नाही, केस ताठ आणि रखरखीत लागतात, गुंता होतो आणि थोडी तूट वाढते. पण जड पाण्याने कोपरे मागे सरकत नाहीत, तसं असतं तर सगळ्या डोक्यावर सारखा परिणाम दिसला असता, तुझ्याच सोसायटीतल्या सगळ्यांना दिसला असता. खरी गोष्ट अशी की शिक्षण संपवून पोरं ज्या वयात पुण्यात येतात, बावीस ते पंचवीस, नेमकं त्याच वयात बऱ्याच जणांना हे सुरू होतं, आणि त्याच वेळेला पाणी बदललेलं असतं, मेस बदललेली असते, झोप बिघडलेली असते, मग दोष जे समोर दिसतं त्याच्यावर जातो.

असंच तापाच्या बाबतीत होतं. डेंगू, टायफॉइड, मोठं आजारपण, ऑपरेशन, जिमवाल्याने सांगितलेलं उपाशीपोटीचं डाएट, यानंतर लगेच काही होत नाही, दोन-तीन महिन्यांनी एकदम मूठ-मूठ केस गळतात, तोपर्यंत माणूस ताप विसरलेला असतो आणि त्या महिन्यात घेतलेल्या नव्या वॅक्सच्या डबीला शिव्या घालतो. हे बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमधे लोकांचे केस काही दिवसांतच झडून टक्कल पडायला लागलं होतं ते आठवत असेल, पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवरच गेला होता, नंतर डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या तपासात रेशनच्या गव्हातलं सेलेनियम पुढे आलं. म्हणून केस एकदम गेले, सगळीकडून गेले, तर आधी पोटात काय गेलं आणि मागच्या तीन महिन्यांत काय आजारपण झालं ते आठव, बाटल्यांची लेबलं नंतर वाचू.

आता स्टायलिंग. सगळं माफ आहे असं मी म्हणत नाहीये, काही सवयी खरंच नुकसान करतात आणि त्यातल्या दोन-तीन तर थेट मुळापर्यंत जातात, पण त्या तुला वाटतायत त्या नाहीत.

ड्रायरचं म्हणशील तर केसाच्या बाहेरचा थर कौलांसारखा असतो, एकावर एक चढवलेली खवलं, आणि उष्णता, घासणं, ब्लीच यांनी ती उचकटतात. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे बादलीतून डोकं वर काढल्याबरोबर बारीक दातांचा कंगवा घालून मागे ओढायचं नाही. टॉवेलने आधी दाबून पाणी टिपून घे, पाच-दहा मिनिटं तसंच राहू दे, मग ड्रायर. कोरियातल्या संशोधकांनी २०११ मधे मोजलं होतं, ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरला तर केसापाशी ४७ अंशांच्या आसपास तापमान येतं आणि ५ सेंटिमीटरवर धरला तर ९५. म्हणजे वीतभर लांब धर आणि हात हलता ठेव, एवढंच. पोरं काय करतात, पुढचा पफ उभा राहावा म्हणून नोझल केसाला टेकवतात आणि एकाच जागी धरून ठेवतात, वर दुसऱ्या हातातल्या ब्रशने ओढत असतात. तसं करू नको. पफ उभा राहतो तो केस कोरडा होताना त्याला जी दिशा दिलीस तिच्यामुळे, म्हणून शेवटची थोडी ओल राहिली की मिडियम हिटवर बोटांनी मुळापासून उचल आणि मग गार हवेचं बटन दाब, जास्त टिकतो आणि वॅक्स पण कमी लागतं.

आणि तुझ्यासाठी चांगली गोष्ट अशी की तुझे केस आखूड आहेत. वरचे केस पाच-सहा सेंटिमीटर धरले तर त्यातला सगळ्यात जुना भाग सहा महिन्यांचा, बाजूचे तर महिन्याभराचे पण नसतात, जे काय खराब होतं ते पुढच्या कटिंगला खाली पडतं. ज्यांनी खांद्यापर्यंत वाढवलेत त्यांच्या टोकाचा केस दोन-अडीच वर्षांचा असतो, त्याने रोजची इस्त्री सहन केलेली असते, त्यांना हे सगळं जास्त जपावं लागतं. स्ट्रेटनर २०० अंशांच्या वर जातो, ओल्या केसाला लावला की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसातच फुगे येतात आणि तिथून तो तुटतो. पुरुषांच्या केसाला रोज स्ट्रेटनर लागतो असं मला तरी वाटत नाही.

वॅक्स, जेल, क्ले यांनी मूळ मरत नाही. जेल म्हणजे केसावर बसणारा प्लॅस्टिकसारखा पातळ थर, वाळला की कडक होतो आणि मग त्यातून कोरडा कंगवा घातला की केस तुटतात, रात्री बोटांनी फोडत बसायचं नाही, पाण्याने सोडवायचं. वॅक्स-पोमेड तेलकट असतं, कपाळावर उतरतं आणि हेअरलाइनला बारीक पुटकुळ्या येतात, कपाळावर पुरळ घेऊन येणाऱ्या पोराला मी आधी विचारतो की डोकं धुवून झोपतोस का. वॅक्स वाटाण्याएवढं घ्यायचं, तळहातावर पूर्ण चोळून दिसेनासं होईपर्यंत पसरायचं आणि केसाच्या मधल्या भागाला व टोकाला लावायचं, कातडीला नाही. पुण्यात धूळ, हेल्मेटचा घाम, वर वॅक्स, तर एक दिवसाआड किंवा रोज पण सौम्य शाम्पू चालतो. रोज शाम्पूने केस गळतात हा समज यामुळे झालाय की जे सुटलेले असतात ते धुताना एकदम हातात येतात, चार दिवस धुतलं नाही तर चार दिवसांचे एकत्र येतात आणि माणूस हादरतो.

कोंडा असेल तर मात्र ते आधी मिटव. कोंड्याला मॅलासेझिया नावाची बुरशी कारण असते, ती डोक्यातल्या तेलावर जगते, आणि आपल्याकडे उपाय काय करतात तर डोकं कोरडं पडलंय म्हणून रात्रभर तेल चोपडतात, म्हणजे तिला खायलाच घालतात. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा, लावला की लगेच धुतला तर उपयोग नाही. आईला सांग तेल वाईट नाहीये. मुंबईतल्या मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मधे दाखवलं होतं की खोबरेल केसाच्या आत जातं आणि धुताना निघून जाणारं प्रोटीन कमी करतं, सूर्यफुलाच्या तेलाने आणि मिनरल ऑइलने तसं होत नाही. कंपनी तेलच विकते हे लक्षात ठेवूनही मला ते पटतं, कारण हाताला फरक जाणवतो. पण ते केसाच्या काडीसाठी, धुण्याआधी तासभर, केसांना. तेलाने गेलेलं मूळ परत येत नाही, कांद्याच्या रसाने तर डोळे आणि शेजारी दोन्ही त्रासतात.

हेल्मेट. हे कळकळीने सांगतो, केस जातील म्हणून हेल्मेट काढून ठेवू नको, हेल्मेटने टक्कल पडत नाही. ओल्या केसांवर किंवा ताज्या वॅक्सवर घालू नको, आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घाल, आतलं अस्तर निघतं ते दर एक-दोन आठवड्यांनी धू, काढताना मागे खेचत न काढता पट्टे दोन्ही बाजूंना फाकवून सरळ वर उचल. दुसऱ्याचं हेल्मेट घालावं लागलं तर टोपीशिवाय नाही.

आता मुळाला खरंच लागणाऱ्या गोष्टी. पहिली ओढ. रोज एकाच जागी घट्ट ताण बसला की मूळ सुजतं, आधी दुखतं, मुळापाशी बारीक पुळ्या येतात, आणि वर्षानुवर्षं चाललं तर तिथे कायमचं जातं. लांब केसांचा घट्ट अंबाडा-बन, कॉर्नरोज म्हणजे डोक्याला चिकटवून घातलेल्या बारीक घट्ट वेण्या, आणि त्याहून जास्त मला दिसतं ते क्लिपवाल्या हेअर पॅचमुळे, म्हणजे टक्कल झाकायला लावतात त्या केसांच्या तुकड्यामुळे. पॅच लावणारे सांगत नाहीत, पण त्या क्लिपा बाजूच्या चांगल्या केसांना धरून दिवसभर ओढत असतात आणि दोन वर्षांनी क्लिपच्या जागी पण पट्टा मोकळा होतो. शीख बांधवांमधे घट्ट जुडा आणि पगडीमुळे कपाळाच्या कडेने केस जातात हे डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं आहे. बन बांधतच असशील तर सैल बांध, रोज जागा बदल, रात्री सोडून झोप. बांधल्यावर डोकं दुखत असेल तर तो घट्ट आहे.

दुसरी केमिकलं. स्मूदनिंगमधे केसातले मजबूत बंध तोडून इस्त्रीने सरळ करून पुन्हा जोडतात, ते औषध मुळाला टेकवून लावलं की कातडी भाजते. केराटिनच्या नावाखाली जे करतात त्यात बऱ्याचदा फॉर्मॅल्डिहाइड किंवा गरम झाल्यावर ते सोडणारं काहीतरी असतं, करताना डोळे चुरचुरायला लागले तर उठ आणि धुवून टाक, पैसे गेले तर गेले. सिल्व्हर-अॅश कलरसाठी आधी ब्लीच करावंच लागतं आणि आपल्या काळ्या केसाला ते दोन-तीनदा करावं लागतं, तो केस परत पूर्वीसारखा होत नाही, कापूनच जातो. काळ्या डायमधे पीपीडी नावाचं रसायन असतं, काळी मेंदी म्हणून विकतात त्यात पण बहुतेक तेच, त्याची अॅलर्जी दहा वेळा लावून काही झालं नाही तरी अकराव्या वेळेला येऊ शकते, कपाळ-पापण्या सुजतात, डोकं पाझरतं. कानामागे थेंबभर लावून ४८ तास बघायचं, दर वेळेला, सणाच्या आदल्या रात्री घाईत नाही.

तिसरी आमच्याच हातातली. दर आठवड्याला स्किन फेड, म्हणजे बाजूचे केस कातडीपर्यंत उतरवत नेणारी कटिंग, मानेवर शून्य मशीन आणि वर वस्तरा, याने काही जणांना मानेमागे पुळ्या येतात, खाजवल्या की कडक गाठी होतात आणि तिथे केस येत नाहीत. अशा माणसाला मी मानेवर वस्तरा लावतच नाही, एक नंबरच्या खाली जात नाही, तो कितीही म्हणाला तरी. मशीनचं पातं पुसलेलं नसेल तर गजकर्ण घरी घेऊन जाशील, आणि मग मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून ते आणखी वाढवशील. ब्लेड तुझ्यासमोर नवीन फोडायला सांग, मशीनला स्पिरिट मारायला सांग, सांगायला लाजू नको, चांगल्या कारागिराला राग येत नाही.

टक्कल करायचं तर खुशाल कर, उन्हाळ्यात बरं वाटतं, पण दाट येतील म्हणून नको. वस्तरा केसाची काडी कापतो, मूळ खाली आहे तसंच राहतं. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने १९२८ मधे पुरुषांच्या दाढीवर हे मोजून बघितलं होतं, जाडीत आणि वाढीच्या वेगात फरक नाही. दाट वाटतात कारण कापलेलं टोक बोथट असतं आणि सगळे एकाच लांबीचे असतात. लहान मुलांचं जावळ काढल्यावर दाट येतात ते वयाने.

तर तुझ्यासाठी माझं म्हणणं, वॅक्स चालू ठेव, रात्री धू, ड्रायर लांब धर, आणि येत्या महिन्यात त्वचारोग तज्ज्ञाला, म्हणजे एमडी स्किनवाल्याला, दाखव. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइडची गोळी ही औषधं आहेत, फिनास्टेराइडला १९९७ मधे अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मान्यता मिळाली, जे आहे ते टिकवण्यात त्यांचा उपयोग चांगला होतो, पूर्ण गेलेलं परत आणण्यात कमी, म्हणून लवकर जाण्याला किंमत आहे. फिनास्टेराइडने काही जणांना लैंगिक तक्रारी येतात, ते डॉक्टरशी मोकळेपणाने बोलूनच घ्यायचं, मित्राच्या चिठ्ठीवर नाही. मिनॉक्सिडिल सुरू केलं तर पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, चार-सहा महिन्यांआधी निकाल मागू नको, बंद केलं तर फायदा जातो. लावायचं कोरड्या कातडीला, पूर्ण वाळू द्यायचं, मग वर वॅक्स, उलटं केलं तर औषध वॅक्सवरच बसतं. आणि कुठल्या सलूनमधे ट्रान्सप्लांट करून देतो म्हणाले तर तिथून निघ, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मधेच सांगितलंय की ते काम प्रशिक्षित डॉक्टरचंच आहे.

तोपर्यंत महिन्यातून एकदा फोटो काढ, केस कोरडे, वॅक्स नाही, त्याच खिडकीसमोर, समोरून, दोन्ही कोपरे आणि रूममेटकडून वरून भोवऱ्याचा. रोज आरशात बघून काही कळत नाही, तीन फोटो शेजारी ठेवले की कळतं. डॉक्टरकडे जाताना ते फोटो आणि कागदात गुंडाळलेले ते केस घेऊन जा, आणि त्या दिवशी डोक्याला वॅक्स, फायबर पावडर, तेल काहीच लावू नको, त्यांना कातडी दिसली पाहिजे.